बाबांच्या टॉर्चची डागडुजी: प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

"बॅटरी लुकलुकतेय रे. नवा सेल घातला की जरा बरी चालते, मग परत तेच." बाबांनी टॉर्च टेबलावर आणून ठेवली.

एका पेन्सिल सेलवर चालणारी, बोटभर लांबीची, काळी अ‍ॅल्युमिनियमची टॉर्च. कंपनीचा छाप कधीच पुसला गेलाय. पहाटे पाचला ठाण्यातल्या वर्तकनगरहून उपवन तलावापर्यंत जायचा बाबांचा नेम आहे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात छत्री, म्हणून टॉर्च क्लिपने शर्टाच्या खिशाला. मोबाइलचा दिवा इथे उपयोगाचा नाही. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला, त्यामुळे येऊरच्या पायथ्याकडचं गवत आत्ताच चांगलं वाढलंय. घोणस आणि मण्यार त्या बाजूला नवी नाही. तेव्हा उजेड लागतोच.

"नवी घेऊन टाकू या का?" असं आई म्हणाली. बघू आधी.

अर्धा तास वापरून बघितल्यावर जे दिसलं ते असं. मंद उजेडावर टॉर्च अगदी स्थिर चालते. पूर्ण उजेडावर थरथरते, मग आपोआप मंदावते. मागचं बूच अंगठ्याने दाबून धरलं की सुधारते. नव्या अल्कलाइन सेलवर बरी, रिचार्जेबलवर लगेच तक्रार. यातून एक गोष्ट जवळजवळ नक्की होते: एलईडी आणि आतला ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारं छोटं सर्किट) शाबूत आहेत. ते बिघडले असते तर बूच दाबल्याने काही फरक पडला नसता. दुखणं मागच्या बाजूला आहे.

१५ जून, रविवार

सगळं उघडलं. जे दिसलं ते लिहून ठेवतो.

आटे: काळा चिकट साका. जुनं ग्रीस आणि अ‍ॅल्युमिनियमची घासलेली पूड मिळून हा साका होतो. आट्यांच्या कडांवरचं काळं अ‍ॅनोडायझिंग (धातूवर मुद्दाम चढवलेला कडक थर) उडून खालचा पांढरा धातू दिसतोय.

ओ-रिंग (पाणी आत येऊ नये म्हणून असलेलं रबरी कडं): चपटी झालीय आणि एका जागी चीर आहे. खाचेतून काढताना तुटली.

स्विचवरची रबरी टोपी: नखाने दाबून दाबून मधोमध भोक पडलंय, टाचणीचं टोक जाईल एवढं. पावसात शर्टाच्या खिशाला लटकणाऱ्या टॉर्चला एवढं भोक पुरेसं आहे.

स्प्रिंगच्या बुडाशी आणि टेलकॅपच्या, म्हणजे मागच्या बुचाच्या, आतल्या धातूच्या रिंगवर पांढरी पूड.

क्लिप सैल. पुढची काच ठीक, बारीक ओरखडे आहेत. बाहेरचा रंग कोपऱ्यांवर गेलाय. हा रंग तसाच राहणार. झीज जिथे पाणी आत घेते किंवा वीज अडवते तेवढीच दुरुस्त करायची, बाकी टॉर्च बाबांच्या खिशात दहा वर्षं होती हे दिसलं तर दिसू दे.

पांढऱ्या पुडीचं आधी ठरवायला हवं, कारण दोन वेगळ्या गोष्टी दिसायला सारख्या असतात. अल्कलाइन सेल गळला की आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. आणि सेल न गळताही, दमट हवेत दुसऱ्या धातूला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम स्वतःच पांढरं फुटतं. ठाण्याला खाडीची हवा आणि वर चार महिने पाऊस, म्हणजे दुसऱ्या प्रकाराला निमित्त लागतच नाही.

ओळखायची सोपी पद्धत: इअरबडने व्हिनेगरचा एक थेंब लावायचा. स्प्रिंगच्या बुडाशी लावला तिथे फसफसलं. तिथे सेल गळलाय. रिंगवर लावला तिथे काही झालं नाही. ते अ‍ॅल्युमिनियमचंच पांढरं. थेंब लगेच पुसला, कारण व्हिनेगर तिथे राहिलं तर तेही धातू खातं.

बाबांना विचारलं, "अर्धवट वापरलेले सेल आत तसेच ठेवता का?"

"मग काय रोज काढून ठेवू?"

म्हणून यापुढे टॉर्चमध्ये रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेलच. तेही क्वचित गळतात, पण अल्कलाइनसारखे नेमाने नाही.

१९ जून, गुरुवार

कामावरून उशीर. फक्त टेलकॅपची रिंग सोडवून ठेवली. तिला समोरासमोर दोन भोकं आहेत. त्यात सर्क्लिप प्लायरची टोकं बसतात. अणकुचीदार चिमट्यानेही फिरते, पण चिमटा सटकला तर थेट स्विचच्या बोर्डावर ओरखडा काढतो.

२१ जून, शनिवार

आजचा दिवस मोजण्याचा. साफसफाईच्या आधी मोजायचं हे मी ठरवून करतो, नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळत नाही.

विजेची वाट अशी: सेलचं ऋण टोक, स्प्रिंग, छोटा गोल बोर्ड, स्विच, बोर्डाची कड, रिंग, आणि रिंगला टेकलेलं टॉर्चच्या नळीचं उघडं (तो काळा थर नसलेलं) टोक. या टॉर्चच्या आट्यांवर अ‍ॅनोडायझिंग आहे आणि ते वीज वाहू देत नाही. म्हणून टेलकॅप पाव फेर सैल केला की टॉर्च पूर्ण बंद होते, खिशात चुकून लागत नाही. पण याचाच अर्थ असा की सगळा करंट नळीच्या त्या पातळ कडेतून जातो.

मल्टिमीटरच्या ओहमच्या रेंजवर हे कळत नाही. मीटरच्या वायरींचाच विरोध काही दशांश ओहम असतो, आणि आपल्याला शोधायचंय तेही तेवढंच. त्याऐवजी गाड्यांचे इलेक्ट्रिशियन करतात ते करायचं: करंट वाहता ठेवून कुठे किती व्होल्ट गळतात ते बघायचं.

पुढचं डोकं काढलं. नळीत सेलच्या जागी कागद गुंडाळलेला पितळी रॉड, एका टोकाने स्प्रिंगवर दाबलेला. बाहेर एक चार्ज केलेला सेल आणि १० ओहमचा रेझिस्टर, सगळं क्रोकोडाइल क्लिपने एका फेरीत जोडलं. रेझिस्टरवर १.२० व्होल्ट आले, म्हणजे फेरीत ०.१२ अँपिअर. मग मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर.

रॉडपासून नळीच्या पुढच्या कडेपर्यंत: ४८ मिलिव्होल्ट. भागिले ०.१२, म्हणजे ०.४ ओहम.

टेलकॅप उघडून तोच करंट तुकड्यातुकड्याने दिला. स्प्रिंग ६, स्विच १०. उरलेले ३२ रिंग आणि नळीच्या टोकात. स्विचला सगळेच आधी शिव्या देतात, पण इथे तो दोषी नाही.

०.४ ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. टीव्हीच्या रिमोटला खरंच काही नाही. इथे मात्र गणित वेगळं आहे. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि सेल देतो १.२. मधला ड्रायव्हर व्होल्टेज वाढवतो, आणि त्याची किंमत म्हणून सेलकडून जास्त करंट ओढतो. पूर्ण उजेडाला एलईडीत ०.३ अँपिअर धरले तर ०.९ वॅट होतात. ड्रायव्हरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर सेलकडून १.१ वॅट हवेत, म्हणजे १ अँपिअरच्या जवळ.

आता वाटेत ०.४ ओहम बसवा. १ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच गेले, ड्रायव्हरला मिळाले ०.८. वॅट तेवढेच हवेत म्हणून तो करंट आणखी ओढतो. करंट वाढला की गळती आणखी वाढते. १.२ व्होल्ट आणि ०.४ ओहमच्या जोडीतून पलीकडे जास्तीत जास्त ०.९ वॅट पोचू शकतात, तेही दीड अँपिअरला. त्यापुढे करंट कितीही ओढला तरी मिळकत कमीच होत जाते. ड्रायव्हरला हवेत १.१. मिळणं शक्यच नाही. मग तो कोसळतो, सावरतो, पुन्हा कोसळतो. लुकलुक म्हणतात ती ही.

नवा अल्कलाइन सेल का चालतो तेही यातच आहे. त्याचे सुरुवातीचे १.५ व्होल्ट धरले तर तीच मर्यादा १.४ वॅट होते आणि काम भागतं. सेल थोडा उतरला की संपलं. म्हणजे बाबा अर्धे भरलेले सेल टाकून देत होते. आणि मंद उजेडाला करंटच इतका कमी की वाटेतले ०.४ ओहम त्याला जाणवतही नाहीत.

हे बाबांना कागदावर मांडून दाखवलं. ते बँकेत होते, आकडे त्यांना आवडतात. "म्हणजे वाटेतला दलाल जास्त खातोय," म्हणाले. बरोबर.

२२ जून, रविवार

साफसफाई. मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड आणि जुना टूथब्रश. आट्यांमधला साका निघायला वेळ लागला. दात कोरायची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून एकेका आट्यातून फिरवावी लागते. ब्रश वरवर फिरतो, तळातला साका तसाच राहतो.

स्प्रिंगचं बूड: आधी व्हिनेगर, मग डिस्टिल्ड पाणी, मग अल्कोहोल, मग पंख्याखाली. फसफस थांबेपर्यंत व्हिनेगर पुन्हा लावलं. स्प्रिंगचा मुलामा थोडा गेलाय पण ताण चांगला आहे.

नळीचं टोक: काचेच्या तुकड्यावर झिरो नंबरचा बारीक पॉलिश पेपर ठेवून नळी उभी धरून गोल गोल फिरवली, कड सगळीकडे सारखी चमकेपर्यंतच. हातात धरून घासलं तर कड तिरकी होते आणि एकाच बाजूने टेकते. रिंगची खालची बाजू तशीच. बोर्डाच्या कडेवर मुलामा आहे, तिथे पॉलिश पेपर लावायचा नाही. पांढरा खोडरबर हलक्या हाताने, पुन्हा अल्कोहोल.

अ‍ॅल्युमिनियम घासलं की त्यावर ऑक्साइडचा थर लगेच परत येऊ लागतो. नवा थर पातळ असतो आणि नीट दाबून बसवलं तर तुटून धातूला धातू लागतो. म्हणून रिंग लगेच बसवली आणि घट्ट आवळली. आधी ती बोटाने फिरेल इतकी सैल होती. एवढ्या सैलपणातच निम्मा आजार होता असं मला वाटतं.

पुन्हा तीच जोडणी, तोच १० ओहम. एकूण १६ मिलिव्होल्ट. स्प्रिंग ६, स्विच ८, रिंग आणि नळी मिळून २. म्हणजे ०.१३ ओहम.

स्प्रिंगचे ६ अजून कमी होतील. स्प्रिंगच्या आतून तांब्याची मऊ वायर वर-खाली डाखली की करंट तिच्यातून जातो. हौशी मंडळी हे सर्रास करतात. मी नाही केलं. स्प्रिंग झिजलेली नाही, ती मुळातच तशी आहे, आणि डाखताना जास्त तापली तर ताण जातो. चालत्या भागाला हात लावायचा नाही.

२८ जून, शनिवार

ओ-रिंगसाठी वागळे इस्टेट या कारखान्यांच्या भागात. ऑनलाइन मिळतात, पण पन्नासची मिश्र पेटी घ्यावी लागते आणि नेमका हवा तो आकार त्यात नसतो.

मोजायचं ते तुटलेली रिंग नव्हे. ती दबून आणि ताणून बदललेली असते. खाचेच्या तळाचा व्यास व्हर्नियरने घेतला: १५.४ मिलिमीटर. रिंग थोडी ताणून बसायला हवी म्हणून आतला व्यास १५, जाडी १. ऑइल सीलच्या दुकानात एवढंच सांगितलं.

"कशाला लावायचीय साहेब?"

"टॉर्चला."

"मग नायट्राइल रबर घ्या. सत्तर कडकपणाची. सिलिकॉन आट्यावर घासून फाटेल." आणि एक देणार नाही, दहाची पुडी. ठीक. दुकानदाराने हातातल्या टॉर्चकडे एकदा बघून "जुनी आहे, चांगली आहे" असंही सांगितलं.

तिथून पुढे टोपीसाठी सिलिकॉन सीलंट. हार्डवेअरवाल्याने काचा बसवायची नेहमीची ट्यूब पुढे केली. ती वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडते, कारण त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच निघतं. बंद टेलकॅपमध्ये तांब्या-पितळेजवळ ते नको. न्यूट्रल क्युअर लिहिलेली, म्हणजे वाळताना ते अ‍ॅसिड न सोडणारी, ट्यूब मागितली. महाग आहे आणि एका टॉर्चला फार मोठी आहे, पण बाथरूमच्या खिडकीलाही लागणारच होती.

२९ जून, रविवार

रबरी टोपीचं भोक. खरं तर टोपी बदलायला हवी, पण याच मापाची इथे मिळाली नाही. कडेचा व्यास १४, घुमट ९, उंची ७ मिलिमीटर. माप लिहून ठेवलंय.

तोवर ठिगळ. टोपी साबणाने, मग अल्कोहोलने धुतली. सिलिकॉन सीलंट तेलकट जागेवर धरत नाही, म्हणून हे काम ग्रीसची डबी उघडण्याआधी. आतल्या बाजूने पातळ थर, भोकाच्या चारी बाजूंना दोन-तीन मिलिमीटर. जाड थर दिला तर स्विच दाबलेलाच राहील. रात्रभर वाळत ठेवली.

क्लिप काढून पक्कडीने थोडी आत वाकवली. झालं.

काचेच्या आत एक केस होता. रबरी पंपाने हवा मारून काढला. रिफ्लेक्टरला कापूससुद्धा लावायचा नाही, तो चकचकीत थर इतका पातळ असतो की पुसला की गेलाच.

६ जुलै, रविवार

आषाढी. खिचडी खाऊन बसलो.

जोडणी करताना घरातल्या प्रत्येकाकडे वंगणाबद्दल मत होतं. शेजारच्या काकांचं खोबरेल तेल: शिलाई मशीनपासून कडीकोयंड्यापर्यंत त्यांच्याकडे त्याचंच राज्य. हिवाळ्यात थिजतं आणि नंतर चिकट होतं. आईचं व्हॅसलिन: नायट्राइल ते सहन करेल, पण उन्हाळ्यात पातळ होऊन पसरेल, आणि वरची टोपी सिलिकॉनची आहे, ती पेट्रोलियमने फुगते. मी सिलिकॉन ग्रीस लावलं. त्यातही एक पथ्य आहे: सिलिकॉन ग्रीसने सिलिकॉन रबरही फुगतं. म्हणून ते फक्त ओ-रिंगला आणि आट्यांना, टोपीला नाही. ओ-रिंग बोटांत ग्रीस घेऊन चोळायची, ओली दिसेल एवढीच. जास्त लावलं तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच काळा साका. नळीच्या उघड्या कडेवर ग्रीस अजिबात नाही.

टेलकॅप आता दोन बोटांनी फिरतो. आधी पंजा लागायचा.

उजेड मोजायला माझ्याकडे मीटर नाही. मोबाइलच्या सेन्सरचा आकडा खरा किती हे सांगता येत नाही, पण जागा तीच, सेल तोच, छतावर टाकलेला झोत तोच असेल तर आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवता येतो. पूर्ण उजेड, अर्ध्या मिनिटानंतर: दुरुस्तीआधी १४ ते २१ मध्ये नाचत होता, आज २९ वर उभा. मंद उजेडात फरक नाही, तो अपेक्षितही नव्हता.

१२ जुलै, शनिवार

पाण्याची परीक्षा. सेल काढून, टेलकॅप आवळून, टॉर्च गीझरच्या कोमट पाण्यात बुडवली. आतली हवा गरम होऊन फुगते आणि फट असेल तिथून बुडबुड्यांची ओळ निघते. सुरुवातीला नक्षीच्या खाचांत आणि क्लिपखाली अडकलेली हवा सुटली, ती बोटाने पुसून काढली. नंतर काही नाही. ठिगळावरही नाही. उघडून आत टिश्यू फिरवला, कोरडा.

आयपीएक्स७ या पाणीरोधकतेच्या दर्जाला १ मीटर खोलीवर ३० मिनिटं बुडवून ठेवावं लागतं. आमची बादली त्यात कुठेच बसत नाही. पण उपवनच्या रस्त्यावर टॉर्चला पाऊसच सोसायचाय.

बाबांना परत दिली. सेल रोज काढायचा नाही, फक्त टेलकॅप पाव फेर सैल करायचा, एवढं कबूल करून घेतलं.

२४ जुलै, गुरुवार

दिव्यांची अमावास्या. आईने समया, निरांजनं, लामणदिवा सगळं पितांबरी लावून चकचकीत केलं. पितांबरी आमच्या ठाण्याचीच, त्यामुळे घरात दुसरं काही येत नाही. टॉर्चही पाटावर मांडायची म्हणून घेतली आणि म्हणाली, "हिलाही चोळून देऊ का?"

"बाहेरून फडक्याने पूस. उघडू नकोस."

समईला जे चालतं ते टॉर्चच्या आत चालत नाही. पावडर आट्यांत राहते आणि घासत बसते, आणि बोर्डाच्या कडेवरचा मुलामा तिच्यासमोर टिकणार नाही. टॉर्चला हळदकुंकू लागलं, बाहेरूनच. कणकेचे गोड दिवे झाले होते.

२ ऑगस्ट, शनिवार

भर पावसात रोज वापरल्यानंतरची तपासणी. टेलकॅप उघडला: आत ओल नाही, पांढरं नाही. ओ-रिंगवर ग्रीस अजून आहे. पुन्हा तीच जोडणी, ०.१२ अँपिअरला १७ मिलिव्होल्ट. एका मिलिव्होल्टचा फरक क्लिप कशी लागली त्यानेही पडतो, त्यामुळे धरत नाही.

ठिगळाची कड एका बाजूला उचलली जातेय. पाणी अजून आत गेलेलं नाही, पण हा कायमचा उपाय नव्हताच. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणं झालं की १४ बाय ९ची टोपी शोधायची, नाहीच मिळाली तर थोडी मोठी घेऊन कड कापायची.

ओ-रिंगच्या पुडीतल्या नऊ उरल्यात. बाबांच्या चालण्याच्या कंपूतून आणखी दोन टॉर्च आल्या आहेत. एकीचे आटे नुसते कोरडे आहेत, ते संध्याकाळीच होईल. दुसरीत अल्कलाइन सेल गळून नळीला चिकटून बसलाय, उलटी करून आपटली तरी हलत नाही. तिच्यात आत्ता व्हिनेगर ओतून उभी करून ठेवलीय, धातू थोडा खाल्ला जाईल, पण आधी सेल सुटायला हवा. उद्या बघतो.